पावणेपाचचा गजर

गोव्यातील मिरामार किनाऱ्यावरच्या आयर्नमॅन ७०.३ स्पर्धेत १.९ किलोमीटर समुद्रात पोहून, ९० किलोमीटर सायकल चालवून लगेच २१.१ किलोमीटर धावायचे असते. मात्र माझी खरी ओढाताण पुण्यात, पहाटे पावणेपाच ते साडेसात या वेळात होते. मुलीची झोपमोड होऊ नये म्हणून मी बूट हातात घेऊनच जिना उतरतो. रविवारी कात्रजचा घाट चढून आल्यावर सायकल पार्किंगमध्ये टेकवून तसेच धावू लागलो, की पहिला किलोमीटरभर पाय लाकडाचे वाटतात, कारण पेडल मारून सरावलेल्या स्नायूंना धावण्याची लय सापडायला वेळ लागतो. हा सराव टाळता येत नाही, आणि नेमका तोच घरच्या पोह्यांच्या वेळेवर येतो.

गेल्या महिन्यात शाळेच्या पालकसभेत मी चक्क पेंगलो. बायको तेथे काही बोलली नाही. घरी आल्यावर मात्र तिने फ्रिजवरच्या माझ्या वेळापत्रकातील गुरुवारचे पोहणे खोडून ‘बाबा : गणित’ असे लिहिले. आता गुरुवारी संध्याकाळी मी अपूर्णांक शिकवतो आणि पोहणे जेवणाच्या सुट्टीत उरकतो, त्यामुळे दुपारच्या मीटिंगमध्ये माझ्या केसांना क्लोरीनचा वास येत असतो.