तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्याच माणसाच्या अंगावर

रविवारी संध्याकाळी माझ्या गॅरेजचं शटर अर्धं खाली असतं. आत टूलबॉक्सला टेकवून ठेवलेला एक मोबाइल, त्याच्यापुढं पाच-सात पोरं आणि मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकल रेसची जागतिक स्पर्धा. एकाच रंगाच्या दोन गाड्या एकमेकींना घासल्या की सगळ्या माना माझ्याकडं वळतात आणि ठरलेला प्रश्न येतो, "दोघं एकाच टीमचे ना? मग अंगावर का जातोय बे हा?" पोरांचे वडील हेच विचारतात, गिऱ्हाइकं विचारतात. ज्यांना माझी जुनी भानगड ठाऊक आहे, ते जरा आवाज खाली आणून विचारतात. आज एकदा सगळं सांगून टाकतो.

आधी 'टीम' हा शब्द डोक्यातून काढा. कबड्डीत आपल्या गड्यानं पकड केली तर गुण आपल्याही खात्यात येतो. इथं पहिल्याला 25, दुसऱ्याला 20, तिसऱ्याला 16, आणि ज्याचे त्याला. शर्ट एक, मालक एक, पण खातं वेगळं. वर आणखी एक गोम आहे. दुसऱ्या कंपनीच्या गाडीनं मागं टाकलं तर बोलायला जागा असते, त्याचं इंजिन तगडं, त्याची गाडी वळणात बरी. जोडीदारानं मागं टाकलं तर काय सांगणार? गाडी तीच. पुढच्या वर्षीचा करार करताना मालक आधी या दोघांचेच आकडे शेजारी शेजारी मांडून बघतो.

2008 मध्ये यामाहाच्या गॅरेजात त्यांचेच दोन रायडर, रॉसी आणि लोरेन्झो, यांच्यामध्ये चक्क भिंत घातली होती. कारण टायरचं. रॉसीला ब्रिजस्टोन, लोरेन्झोला मिशेलिन, एकाचं गुपित दुसऱ्याला कळू नये म्हणून. पुढच्या वर्षी टायर सगळ्यांनाच एका कंपनीचे झाले. भिंत राहिली.

आता माझं. 2006 साली मी एकोणीस वर्षांचा होतो, सोलापुरात जुन्या पुणे नाक्याजवळ एका गॅरेजात हाताखाली. तिथंच अण्णा यायचा. पूर्व भागातला, घरात टॉवेलचे चार माग, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. चिडला की तेलुगूत बोलायचा. गॅरेजमालकाला डर्ट ट्रॅकचं, म्हणजे मातीवरच्या रेसचं वेड. त्यानं दोन जुन्या आरएक्स हंड्रेड घासूनपुसून, सायलेन्सर बदलून तयार केल्या होत्या, एक अण्णाला, एक मला. पहाटे होटगीच्या पुढं माळावर जायचो. दोन बाभळी आणि एक दगडांचा ढीग, हा आमचा ट्रॅक. दोन महिने मी अण्णाच्या मागं धूळ खाल्ली.

मागं राहिलं की माणूस पाठ होतो. अण्णाचा उजवा गुडघा आधी कधीतरी फुटलेला, त्यामुळं उजव्या वळणाला तो बिचकायचा. डाव्या वळणाला माझ्याइतकाच उशिरा ब्रेक मारायचा, उजव्याला मात्र गाडीभर आधी. ब्रेककडं बोटं नेताना त्याचा उजवा कोपर एवढासा वर यायचा. हे त्याला स्वतःला माहीत नव्हतं. मी कधी सांगितलंही नाही.

मोठ्या रेसमध्ये हेच काम कॉम्प्युटर करतो. कुठं ब्रेक लावला, किती दाबला, थ्रॉटल कुठं उघडला, सगळं नोंदलं जातं, आणि बऱ्याच टीममध्ये जोडीदाराची नोंद तुम्हाला बघता येते. शिकण्यासाठी असते ती. पण अंतिम लॅपला, म्हणजे शेवटच्या फेरीला, तुमच्या पुढं नेमका तोच असेल, तर ते शिक्षण विसरून कसं चालेल?

डिसेंबरात शेजारच्या जिल्ह्यात रेस होती. निघताना मालकानं सांगितलं, "अण्णा पुढं, तू मागं. भांडायचं नाही." मी मान हलवली. (अशी मान पूर्वीपासून हलवतात. 1968 मध्ये यामाहानं वाटून दिलं होतं की 125 सीसीचं विजेतेपद फिल रीडनं घ्यायचं आणि 250 चं बिल आयव्हीनं. रीडनं 125 खिशात घातलं आणि मग 250 लाही जोर लावला. गुण सारखे झाले, शेवटी रेसमधल्या वेळांची बेरीज करून रीडला दोन्ही मिळाली.)

शेवटच्या लॅपला अण्णा दुसरा, मी तिसरा. पहिला बराच पुढं गेलेला. म्हणजे भांडण दुसऱ्या नंबराचं, त्यासाठी कोणी जीव टाकू नये. उजवं वळण आलं. टँकरनं पाणी मारलेलं, वळणाच्या आतल्या अंगाला चिखलाचा पट्टा. अण्णाचा कोपर वर आला. मी ब्रेक मारलाच नाही, आत शिरलो. गाडीभर जागा मला दिसली होती आणि ती खरंच होती, पण अण्णा वळायला लागल्यावर ती मिटणार, हे एकोणीस वर्षांच्या डोक्यात शिरलं नाही. पुढचं चाक चिखलावर दुमडलं, माझी गाडी आडवी घसरत त्याच्या मागच्या चाकात गेली. मला खरचटलं. अण्णाची हासळी मोडली.

त्या वेळी मला पेड्रोसा कोण हेही माहीत नव्हतं. पुढं पोर्तुगालमधल्या एस्टोरिलची ती रेस बघितली आणि पोटात गोळा आला. तीही 2006 चीच, ऑक्टोबरमधली. निकी हेडन गुणांत रॉसीच्या 12 नं पुढं, दोनच रेस उरलेल्या. पाचव्या लॅपला त्याचाच होंडाचा जोडीदार डॅनी पेड्रोसा आत घुसला, पुढचं चाक गेलं, दोघंही मातीत. त्या दिवशी टोनी एलियासनं रॉसीला 0.002 सेकंदानं हरवलं, रॉसी दुसरा आला, तरी 8 गुणांनी पुढं गेला. पुढच्या रेसला, व्हॅलेन्सियात, रॉसी पडला, पेड्रोसानं हेडनला वाट करून दिली, आणि हेडन 5 गुणांनी जगज्जेता झाला. हे 5 म्हणजे एस्टोरिलच्या पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर. रॉसी तिथं जिंकला असता तर गुण समान झाले असते आणि जास्त रेस जिंकलेल्या रॉसीला किताब गेला असता. एलियासच्या त्या दोन हजारांश सेकंदांनी पेड्रोसाची अब्रू वाचवली, असं मी म्हणतो. मला वाचवायला कोणी एलियास नव्हता.

जोडीदाराला मागं टाकूच नये, असं माझं म्हणणं मुळीच नाही. 2009 ला कॅटालुन्यात रॉसीनं लोरेन्झोला शेवटच्या लॅपच्या शेवटच्या वळणावर आत शिरून गाठलं. दोघं उभे, दोघंही पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत. मी पोरांना तीच रेस दाखवतो. आत शिरणाऱ्याला स्वतःचं वळण पुरं करता आलं पाहिजे आणि बाहेरच्याला गाडी उभी ठेवायला जागा राहिली पाहिजे, एवढंच बघा. 2010 ला जपानमधल्या मोतेगीत याच दोघांनी तिसऱ्या नंबरासाठी एकमेकांना ठोकरलं. लोरेन्झो विजेतेपदाच्या उंबऱ्यावर, रॉसी दुसऱ्या वर्षी डुकाटी कंपनीकडं जाणार. ते मला आवडत नाही, पण समजतं. 2016 चं अर्जेंटिनातलं मात्र समजतही नाही. शेवटच्या लॅपला डुकाटीचे दोघं दुसरे-तिसरे, पोडियम हातात, आणि इयानोनेनं शेवटून दुसऱ्या वळणाला डोविझिओसोला घेऊन माती खाल्ली. डोविझिओसो गाडी ढकलत रेषेपार गेला, तेरावा आला. पुढच्या वर्षी डुकाटीनं त्याला ठेवलं, इयानोनेला सोडलं.

मला मालकानं दुसऱ्याच दिवशी सोडलं. गाडीही काढून घेतली. रास्तच होतं.

अण्णाचा हात गळ्यात बांधलेला, आणि माग थांबवले तर घर कसं चालणार? मी रात्रपाळीला त्यांच्याकडं जायला लागलो. वहिनी पहिल्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत, चहा मात्र ठेवून गेल्या. तुटलेला धागा ओळखायचा कसा, गाठ कशी मारायची, इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्याजवळ हात केव्हा न्यायचा नाही, हे अण्णा डाव्या हाताच्या खुणांनी शिकवायचा. चार मागांच्या खडखडाटात बोलणं शक्यच नसतं, आणि मला ते बरंच वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात एकदा लोडशेडिंगनं वीज गेली. माग थांबले. कानात नुसतं घुमत राहिलं. अंधारात अण्णा म्हणाला, "तुझ्या सायलेन्सरचा आवाज आला होता मला. आत आलायस ते कळलं होतं."

"मग?"

"तरी वळलो. म्हटलं, हा थांबेल."

मी त्याला कोपराचं सांगितलं. कोपर वर येतो, त्यावरून मला सगळं कळायचं, हे. तो बराच वेळ गप्प होता. मग काहीतरी तेलुगूत बोलला. मी विचारलं, काय म्हणालास? तेवढ्यात वीज आली आणि चारही माग एकदम सुरू झाले.