काम पूर्ण हातात द्यावं

रविवार

आज संडे स्कूलचा पाठ बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायावर होता. 'येशूने शिष्यांचे पाय धुतले' एवढ्या एका वाक्यात आपण ही गोष्ट उरकतो, पण योहानाने एकेक कृती लिहून ठेवली आहे. प्रभू भोजनावरून उठला, बाह्यवस्त्रं काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतलं, पाय धुतले आणि त्याच रुमालाने पुसले. मुलांना हे पुसणं आवर्जून दाखवावं. पाणी ओतायला सगळ्यांना आवडतं, ओले पाय कोरडे करेपर्यंत मात्र फार थोडे थांबतात.

घरात आपण मुलांना बहुधा कामाचा तुकडाच देतो. 'जरा हे धर', 'ते आण'. यातून हुकूम पाळण्याची सवय लागते, जबाबदारी येत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला जेवणाचं टेबल द्यायचं असेल तर ते सगळं द्यावं: आधी पुसणं, माणसं मोजून ताटं-चमचे मांडणं, पाणी ठेवणं आणि जेवण झाल्यावर पुन्हा पुसणं. तीन-चार वर्षांच्या मुलाला खेळणी टोपलीत भरणं पुरे. काम एकच असावं, आणि ते राहिलं तर घरातल्या कुणाचं तरी अडावं. न केल्याने काहीच बिघडत नाही हे मूल आठवडाभरात ओळखतं. दर आठवड्याला कामं बदलण्याची पद्धत न्याय्य वाटते, पण तिच्यात कुठलंच काम कुणाचं होत नाही. निदान दोन-तीन महिने तेच काम राहू द्यावं.

मंदिरात सेवा करणाऱ्या लहान शमुवेलाची गोष्ट (१ शमुवेल, अध्याय तिसरा) इथे फार उपयोगी पडते. रात्री परमेश्वराने त्याला हाक मारली, तो एली याजकाकडे धावत गेला, हे मुलांना पाठ असतं. त्याच अध्यायातलं पंधरावं वचन मात्र सहसा राहून जातं: शमुवेल सकाळपर्यंत निजून राहिला, मग त्याने परमेश्वराच्या मंदिराची दारं उघडली. प्रत्यक्ष देव बोलला त्या रात्रीनंतरही मुलाचं सकाळचं काम चुकलं नाही. मुलांना विचारावं, दारं उघडली नसती तर कोण बाहेर राहिलं असतं? उत्तरं फार छान येतात.

मंगळवार

काम शिकवण्याचे टप्पे चार. मूल पाहतं, आपण करतो. दोघं मिळून करतो. मूल करतं, आपण जवळ उभे राहतो. मग मूल एकटं करतं. घाईत असलेले आईबाप पहिल्यावरून थेट चौथ्यावर जातात, आणि मग 'इतकं साधं जमत नाही?' हा शब्द निघतो. तिसरा टप्पा सर्वांत लांबतो. तिथे हात मागे बांधून उभं राहणं मोठ्यांना जड जातं, पण सगळं शिकणं तिथेच होतं.

यात हमखास बिघडवणारी एक गोष्ट म्हणजे मुलाने केलेलं काम त्याच्या मागे पुन्हा करणं. टेबलावर डाग राहिला तर मुलाला हाक मारून दाखवावा, फडकं त्याच्याच हातात द्यावं. गुपचूप पुसून टाकला तर 'तुझं काम मोजलं जात नाही' एवढंच त्याला कळतं.

दुसरी गोष्ट बक्षिसाची. प्रत्येक कामाला तारा किंवा पैसे दिले की बक्षीस थांबताच काम थांबतं. कौतुक जरूर करावं, पण नेमकं: 'आज आजोबांच्या ताटाजवळ पाणी होतं, त्यांना उठावं लागलं नाही.' यात मुलाला स्वतःपेक्षा आजोबा दिसतात.

तिसरी माझ्या मते सर्वांत घातक: बायबलच्या वचनाचा छडीसारखा वापर. मूल चिडलेलं असताना 'येशूला हे आवडणार नाही' म्हटलं की काम होतं, पण प्रभूचं नाव मुलाच्या मनात धाकाशी जोडलं जातं. वचन शांत वेळी, कौटुंबिक प्रार्थनेत वाचावं. कुरकुरणाऱ्या मुलासाठी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायातले दोन मुलगे आहेत, ज्यांना बापाने द्राक्षमळ्यात कामाला जायला सांगितलं. एक 'जात नाही' म्हणाला आणि नंतर पस्तावून द्राक्षमळ्यात गेला, दुसरा 'जातो' म्हणाला आणि गेला नाही. नकार देऊनही परत येता येतं, हा केवढा दिलासा आहे.

शनिवार

उद्या उपासनेनंतर मुलं आजारी आणि वयस्कर सभासदांच्या घरी जाणार आहेत, त्याची तयारी.

आधी त्या घरी विचारावं: यावं का, कधी यावं. एका घरी दोन-तीन मुलं आणि एक मोठं माणूस, त्याहून जास्त नकोत. मुलांना एकटं पाठवायचं नाही. ताप-खोकला असलेल्या मुलाने घरी राहावं. गेल्यावर हात धुवायचे, पलंगावर बसायचं नाही, आवाज बेताचा. वेळ वीस मिनिटं. त्याहून लांबलं की आजारी माणूस थकतं आणि मुलं चुळबुळतात.

मुलांनी दोन प्रश्न मनाशी ठरवून जावं. 'तब्येत कशी आहे?' हा नको, त्याने संभाषण लगेच संपतं. 'तुम्ही लहान असताना संडे स्कूलमध्ये कोणती गाणी म्हणायचात?' हा चालतो. एखादं काम विचारून करावं: झाडांना पाणी, पुस्तकं लावणं, मोठ्या अक्षरांतलं स्तोत्र वाचून दाखवणं. प्रार्थना करू का, हेही विचारूनच. एखादं मूल गप्प बसलं तर बसू द्यावं.

फोटो काढायचे नाहीत. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूने सांगितलंय की दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. फोटो काढला की मुलाची नजर त्या माणसावरून कॅमेऱ्याकडे जाते, आणि ज्याच्या घरी गेलो तो केवळ देखावा होतो.

वस्तू द्यायच्या असतील तर मुलांना एकच कसोटी सांगावी: हे मित्राच्या वाढदिवसाला देशील का? चाक तुटलेली गाडी आणि पानं फाटलेलं पुस्तक तिथेच बाजूला पडतं. पैशांचं म्हणाल तर दानार्पण मुलाच्या स्वतःच्या पैशांतून असावं. उपासनेच्या दारात आईने हातात ठेवलेलं नाणं पेटीत टाकणं म्हणजे नुसती ने-आण. खाऊचे पैसे मिळाले की त्याच दिवशी देण्याचा भाग वेगळ्या डबीत काढावा. आठवड्याच्या शेवटी काढायचा म्हटलं तर उरतच नाही, आणि प्रेषित पौलानेही करिंथच्या मंडळीला पत्रात आठवड्याच्या पहिल्याच दिवशी बाजूला ठेवायला सांगितलं होतं. किती काढायचा ते मुलाने ठरवावं. गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे अगदी कमी किमतीच्या नाण्यांची, गोष्ट सांगावी, पण रक्कम वाढवून घेण्यासाठी नाही.

भेटीहून परतल्यावर पाच मिनिटं बसायचं. 'तुम्ही काय केलंत?' याऐवजी 'त्यांना आणखी कशाची गरज दिसली?' असं विचारायचं. मुलं जे सांगतील त्यातलं एक पुढच्या भेटीसाठी वहीत टिपायचं आणि त्यापुढे ते करणाऱ्या मुलाचं नाव लिहायचं.