लेखनाचा वर्ग केवढा असावा?

अमेरिकेतील महाविद्यालयीन लेखन-अध्यापकांच्या परिषदेने १९८९ च्या निवेदनात लेखनाच्या वर्गात २० पेक्षा अधिक विद्यार्थी नसावेत, शक्यतो १५ च असावेत, आणि एका अध्यापकाकडे एका सत्रात असे ६० हून अधिक विद्यार्थी देऊ नयेत, असे म्हटले आहे. मला ही मर्यादा योग्य वाटते. कारण लेखन सुधारते ते पहिल्या खर्ड्याच्या समासातील शेऱ्यांमुळे आणि पुनर्लेखनामुळे. आमच्या कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठाच्या महाविद्यालयांत, अनेक मुले घरची बोली घेऊन येतात, आणि तिला अशुद्ध न ठरवता त्यांना प्रमाण लेखनाकडे नेण्यासाठी प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलावे लागते. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांच्या मानधनात या तपासणीचा वेळही धरला गेला पाहिजे.