लारूनच्या पायथ्याचं गाव

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज दिवसभर डोक्यात एकच गाव घोळतंय, सार. पिरेनीजची डोंगररांग पश्चिमेला समुद्राकडे उतरत जाते ना, तिथे लारून म्हणून एक डोंगर आहे, उंचीला आपल्या सिंहगडाहून कमीच, त्याच्या पायथ्याशी, फ्रान्सच्या बाजूला हे गाव. डोंगरावरूनच फ्रान्स-स्पेनची बॉर्डर जाते, पण अलीकडे बास्क लोक आणि पलीकडेही बास्कच, बोली एक, सोयरिकी एकमेकांत.

१७९३ च्या जानेवारीत पॅरिसला राजा सोळाव्या लुईचं मुंडकं उडवलं आणि मार्चमध्ये दोन्ही देशांचं युद्ध पेटलं. पूर्वेकडच्या लढाया पुस्तकांत भरभरून असतात, म्हणजे स्पेनच्या रिकार्दोसने बेलगार्दचा किल्ला घेतला, पुढच्या वर्षी फ्रेंचांनी तो परत मिळवला, नोव्हेंबरात तर दोन्हीकडचे सेनापती, फ्रेंचांचा दुगोमिए आणि स्पेनचा काउंट दे ला उनियोन, एकाच लढाईत दोन-तीन दिवसांच्या फरकाने पडले.

मला मात्र सारच्या पुढे जाताच येत नाहीये. १७९४ च्या फेब्रुवारीत शेजारच्या इत्सासू गावातली ४७ तरुण पोरं डोंगर ओलांडून शत्रूकडे, स्पेनला निघून गेली आणि त्याची शिक्षा अख्ख्या मुलखाला. सार, इत्सासू, आस्कँ ही गावं फ्रान्सच्या क्रांतिकारी सरकारने गद्दार ठरवली, म्हातारेकोतारे, बाया, लेकुरवाळ्या, सगळ्यांना गाड्यांत घालून उत्तरेला फ्रान्सच्याच लांद भागात नेलं आणि तिथल्या चर्चमध्ये कोंडलं. उपासमारीने, आजाराने कितीतरी माणसं तिथेच गेली. हजारो लोक होते हो, आणि त्यातल्या बहुतेकांनी कुणाचं काहीच केलेलं नव्हतं!

मघाशी भांडी आवरताना सारखं वाटत होतं, गाडी दाराशी उभी आहे, शिपाई ओरडतायत, अशा वेळी त्या बाईने घरातून काय उचललं असेल? पोराचं पांघरूण? चुलीवरचं भांडं? गोठ्यातल्या गाईचं दावं सोडायला तरी वेळ मिळाला असेल का तिला? माझा हात तिथेच थांबला, नळ तसाच चालू.

१७९५ च्या जुलैमध्ये बासेलला तह झाला (त्याच वर्षी आपल्याकडे खर्ड्याची लढाई झाली). फ्रान्सने जिंकलेला मुलूख स्पेनला परत देऊन टाकला आणि बदल्यात पार अटलांटिकपलीकडचं सांतो डोमिंगो घेतलं. लारूनवरची बॉर्डर होती तिथेच राहिली. सारची जगली-वाचली माणसं तहाच्या आधीच सुटून गावी आली होती, पण तोवर घरातलं सामानसुमान गेलेलं होतं.