पांढरी खूण, लाल खूण

गाडी २००२ सालची होंडा सिटी, दीड लिटरची व्हीटेक, म्हणजे इंजिनाचे फेरे (आरपीएम) वाढले की व्हॉल्व्ह जास्त उघडणारी यंत्रणा असलेली. ६८०० आरपीएमला १०६ अश्वशक्ती देणारं हे इंजिन. २००३ च्या शेवटी तिच्या जागी आलेल्या नव्या सिटीची ताकद ७७ वर आली, म्हणून ही जुनी गाडी जपणारे लोक अजून आहेत. ही गाडी सहकारनगरातल्या एका बंगल्याच्या पोर्चमध्ये उभी होती. मालक तरुण, बरंचसं काम घरीच करणारा, हत्यारं नीट पुसून ठेवणारा.

तक्रार एका वाक्यात सांगण्यासारखी होती. "काका, खाली मस्त ओढते, पण वर जीवच नाही." ४००० पर्यंत गाडी झकास, उलट पूर्वीपेक्षा थोडी चपळच. पाच हजारांच्या पुढे मात्र कोणीतरी मागून दोरी धरल्यासारखी. व्हीटेक लागतं तेव्हा आवाज बदलायचा, पण धक्का येत नव्हता. घाटात खालच्या आरपीएमवर जोर दिला की बारीक नॉकिंगही (इंजिनातली ठकठक) ऐकू यायचं. सात हजार किलोमीटरांपूर्वी एका गॅरेजात टायमिंग बेल्ट (पिस्टनांनी फिरणारा क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांना जोडणारा दातेरी पट्टा) आणि वॉटर पंप बदलला होता, त्यानंतर हे सुरू झालं. पण गॅरेजवाल्याचं म्हणणं, बेल्टचा याच्याशी काय संबंध, गाडी तर सुरेख चालू होते.

मी जाण्याआधी व्हीटेकचा सोलेनॉइड (तेलाची वाट उघडणारी विजेवरची झडप) नवा, पेट्रोल फिल्टर नवा, प्लग आणि प्लगच्या वायरी नव्या, सायलेन्सरही उघडून पाहिलेला. यातलं काहीच मूर्खपणाचं नव्हतं, वरचा दम गेला की माणूस आधी हेच बघतो. फक्त प्रत्येक वेळी भाग आधी बदलला गेला आणि मोजमाप राहूनच गेलं.

म्हणून आधी सोलेनॉइडची बाजू निकालात काढली. कॉइलचा रोध १४ ते ३० ओहममध्ये हवा, होता. बॅटरीचे १२ व्होल्ट थेट दिले की टक् असा आवाज हवा, आला. त्याच्या बुडाशी पॅकिंगमध्येच एक बारीक जाळी असते. ऑइल वेळेवर बदललं नाही की तिथे गाळ साचतो, मग सोलेनॉइड कितीही नवा असला तरी तेलाचा दाब रॉकरपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांपर्यंत, जात नाही. ती स्वच्छ होती. उभ्या गाडीत रेस देऊन व्हीटेक तपासण्यात अर्थ नसतो. इंजिन गरम, गाडी चालती आणि अंगावर ओझं असल्याशिवाय संगणक ते लावतच नाही.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. चारही प्लग बाहेर, डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा) आणि इंजेक्टरचे कनेक्टर सुटे, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. मालक स्टार्टर मारत होता, मी गेज बघत होतो. १८६, १८८, १८५, १८७ पीएसआय.

मालक खूश झाला. या कुळातल्या इंजिनांना किमान १३५ आणि चार सिलिंडरमधला फरक २८ च्या आत, एवढंच कंपनीचं पुस्तक मागतं. त्या हिशेबाने हे इंजिन पहिल्या वर्गात पास. मला मात्र तो आकडा खटकला. चांगल्या इंजिनात समुद्रसपाटीला साधारण १८५ मिळतात. पुणे ५६० मीटर उंचीवर आहे, इथे हवाच सहा-सात टक्के विरळ, म्हणजे तेच इंजिन इथे १७२-१७५ दाखवणार. वीस वर्षं चाललेलं इंजिन पुण्यात १८७ दाखवतंय आणि तेही चारही सिलिंडरमध्ये सारखं. पिस्टनवर कार्बनचे थर असते तर चारांत फरक दिसला असता. गेज खोटं असेल म्हणून दुसऱ्या गाडीवर लावून पाहिलं, ते खरं होतं.

कॉम्प्रेशन कमी आलं की सगळे धावतात, जास्त आलं की कोणी विचारत नाही. पण सगळीकडे सारखं जास्त येण्याचं एक साधं कारण असतं. इनटेक व्हॉल्व्ह लवकर बंद होतोय. पिस्टन वर यायला लागला की व्हॉल्व्ह अजून थोडा उघडा असतो, त्यातून काही हवा परत जाते. लवकर मिटला तर ती हवा आतच अडकते, खालच्या आरपीएमला ओढ वाढते, नॉकिंगही वाढतं. वरच्या आरपीएमला मात्र वेगाने आत येणाऱ्या हवेला उशिरापर्यंत दार उघडं हवं असतं आणि व्हीटेकचा मधला उंच कॅम त्यासाठीच घडवलेला असतो. कॅमच सगळा पुढे सरकला असेल तर तो लागूनही उपयोग नाही. मालकाची तक्रार शब्दशः हीच होती.

डिस्ट्रिब्युटर बघितला आणि शंका पक्की झाली. त्याच्या तीन बोल्टांना लांबट भोकं असतात, तो थोडा फिरवून इग्निशन जुळवतात. हा पार एका टोकाला, उशिराच्या बाजूला रेटलेला. डिस्ट्रिब्युटर कॅमवरच फिरतो. कॅम पुढे गेला की ठिणगीही लवकर पडते. गॅरेजात टायमिंग लाइट (ठिणगीच्या क्षणी चमकणारा दिवा) लावून कोणीतरी ते पाहिलं असणार आणि डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगी जागेवर आणली असणार. खाच संपली, तरी पुरती जुळली नाही. उरलेले दोन-चार अंश म्हणजे घाटातलं ते नॉकिंग.

आता खात्री. बॅटरीची निगेटिव्ह काढली. मागच्या चाकांना दगडाऐवजी लाकडी ओंडके लावले, पुढचं डावं चाक उतरवलं आणि गाडी स्टँडवर ठेवली. (विटांवर गाडी ठेवणारे अजून भेटतात. वीट सांगून फुटत नाही.) टॅपेट कव्हर आणि बेल्टचं वरचं कव्हर काढलं. या इंजिनाचा क्रँक घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, बहुतेक इंजिनांच्या विरुद्ध, आणि हातानेही त्याच दिशेला फिरवायचा. उलटा फिरवला की बेल्टची ढील चुकीच्या बाजूला जाते आणि खुणा खोटं बोलायला लागतात.

कॅमच्या पुलीवर 'अप' लिहिलेलं वर आणलं, दोन्ही बाजूंच्या रेघा हेडच्या कडेशी समतल केल्या. मग खाली क्रँकच्या पुलीकडे टॉर्च मारला. कव्हरवरचा काटा लाल खुणेसमोर.

क्रँकच्या पुलीवर एकटी एक खूण असते, पांढरी. ती टीडीसी, म्हणजे पहिला पिस्टन अगदी वर. तिच्यापासून थोड्या अंतरावर तीन खुणांचा गट असतो, त्यातली मधली लाल. ती फक्त इग्निशन जुळवण्यासाठी, मॉडेलनुसार टीडीसीच्या बारा ते सोळा अंश आधी. वीस वर्षांत पांढरा रंग उडतो, तिथे नुसता चरा राहतो आणि तेलकट धुळीने तोही भरतो. तीन खुणांचा गट मात्र लांबूनही दिसतो. बेल्ट बसवणाऱ्याने तोच खरा धरला. क्रँकच्या दातेरी पुलीचा एक दात जवळजवळ तेवढ्याच अंशांचा असल्यामुळे कॅमच्या रेघाही बऱ्यापैकी जुळल्या आणि चूक दिसली नाही.

पण नुसत्या खुणेवर विसंबून बेल्ट हलवायचा नाही. ही पुली दोन कड्यांची असते, मध्ये रबर. रबर जुनं झालं की बाहेरचं कडं आतल्यावर सरकतं आणि खूणच जागा सोडते. तसं असेल तर बेल्ट बरोबर आणि खूण खोटी. म्हणून पिस्टनलाच विचारायचं. मालकाच्या आईची प्लास्टिकची विणायची सुई मिळाली. धातूची सुई किंवा स्क्रू-ड्रायव्हर नको, अडकला तर पिस्टनच्या डोक्यावर ओरखडा. प्लगचं भोक तिरपं असल्याने मिलिमीटरचं मोजमाप नीट होत नाही, पण त्याची गरजही नाही. सुई पहिल्या सिलिंडरमध्ये सोडायची, पिस्टन वर येताना सुईवर एका उंचीला टेप लावायची आणि त्या क्षणी पुलीवर खडूची खूण करायची. पुढे फिरवत राहायचं, पिस्टन उतरताना टेप पुन्हा त्याच उंचीला आली की दुसरी खूण. दोन्हींच्या बरोबर मध्ये खरा टीडीसी. मध्य पांढऱ्या चऱ्यावरच आला. पुली खरी, बेल्ट खोटा. लाल खुणेपाशी पिस्टन अजून सुमारे दोन मिलिमीटर खाली असतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सात हजार किलोमीटर त्या दोन मिलिमीटरनेच खाल्ले होते.

दुपारचा एक वाजला. पुढचं काम पाच तासांचं, त्यातला एक तास क्रँकच्या बोल्टनेच घेतला. हा बोल्ट घरगुती हत्याराला दाद देत नाही. पुलीच्या तोंडात षटकोनी खाच असते, तिला धरणारं ५० मिलिमीटरचं हत्यार भाड्याने आणावं. गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबणे किंवा स्टार्टर मारून बोल्ट सैल करणे, हे दोन्ही उपाय लोक करतात, पैकी दुसऱ्यात माणसाचं मनगट जातं. आम्ही हत्यार अडकवलं, लांब दांड्यावर मीटरभर पाइप चढवला, तेव्हा तो कडाडला.

पट्टे, पुली आणि खालचं कव्हर काढल्यावर क्रँकच्या आतल्या दातेरी पुलीवरची खूण आणि ऑइल पंपावरचा बाण दिसतात. खरी जुळवणी तिथे करायची. बेल्ट कोरडा होता, कॅम आणि क्रँक दोन्ही सील कोरडे, दातांना चीर नाही, म्हणून तोच ठेवला. तेल लागलेला असता तर सात हजार काय, सातशे किलोमीटरचाही परत चढवला नसता. या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात. काढण्याआधी त्याच्यावर फिरण्याच्या दिशेचा बाण खडूने काढला. वापरलेला बेल्ट उलट्या दिशेने चढवायचा नसतो.

क्रँक टीडीसीवर, टेन्शनरचा बोल्ट अर्धा वळसा सैल, बेल्ट कॅमवरून उतरवला आणि कॅमची पुली हलक्या हाताने एक दात मागे, रेघा समतल होईपर्यंत. परत चढवताना क्रम ठरलेला. आधी क्रँक, मग टेन्शनर, मग वॉटर पंप, शेवटी कॅम. ढील सगळी टेन्शनरच्या बाजूला यायला हवी. बोल्ट एकदा सैल करून कसला, क्रँक पाच-सहा वेळा फिरवून बेल्ट बसू दिला, पुन्हा टीडीसी. मग बोल्ट अर्धा वळसा सैल, क्रँक कॅमच्या पुलीचे तीन दात सरकतील इतका पुढे फिरवला आणि तिथेच बोल्ट ४४ न्यूटन-मीटरने कसला. हे तीन दातांचं प्रकरण बरेच जण गाळतात आणि मग बेल्ट गुणगुणतो किंवा फडफडतो. स्प्रिंगला ताण द्यायला ती ओढ लागते. क्रँकचा बोल्ट आट्यांना थोडं तेल लावून १८१ न्यूटन-मीटर. बोल्टची जात बदलली की कसण्याची पद्धतही बदलते, तेव्हा आपल्या गाडीच्या पुस्तकातलाच आकडा घ्यावा.

टॅपेट कव्हर उघडंच होतं, तर टॅपेटही (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) बघितले. इनटेक ०.१८ ते ०.२२, एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७ मिलिमीटर, इंजिन ३८ अंशांच्या खाली थंड हवं. पुण्यात मे महिन्याच्या दुपारी ही अट कधीकधी हवाच मोडते. रात्रभर उभी राहिलेली गाडी पोर्चच्या सावलीत होती, म्हणून जमलं. १-३-४-२ या क्रमाने, दर वेळी क्रँक अर्धा फेरा. तिसऱ्याचा एक एक्झॉस्ट ०.१५ वर आलेला. कमी फट म्हणजे आवाज नाही, म्हणून लोकांना तो बरा वाटतो. प्रत्यक्षात तो व्हॉल्व्ह सीटवर पुरेसा टेकत नाही, उष्णता सोडू शकत नाही आणि कधीतरी जळतो. वाजणारा टॅपेट परवडला. शेवटी मधला इनटेक रॉकर बोटाने दाबून पाहिला, शेजारच्या दोघांपासून सुटा हलतोय ना. चारही हलले.

जोडाजोड झाल्यावर कॉम्प्रेशन पुन्हा घेतलं. १७३, १७५, १७२, १७४. मालकाचा चेहरा उतरला. कमी झालेला आकडा म्हणजे दुरुस्ती, हे त्याला पचायला जरा वेळ लागला.

पंखा दोनदा फिरेपर्यंत इंजिन गरम केलं, डॅशबोर्डखालचा दोन पिनांचा सर्व्हिस कनेक्टर वायरच्या तुकड्याने जोडला. तो न जोडता टायमिंग लाइट लावला तर संगणक मागेपुढे करत राहतो आणि आपण हवेत नेम धरतो. लाइट पहिल्या प्लगच्या वायरवर. आता लाल खुणेचं काम, ती काट्यासमोर आणली. डिस्ट्रिब्युटर आपसूक खाचेच्या मध्यावर येऊन बसला. वायरचा तुकडा आठवणीने काढला, राहिला तर डॅशवर इंजिनचा दिवा पेटून राहतो.

संध्याकाळी कात्रजच्या नव्या बोगद्याकडच्या चढावर पहिल्या गिअरमध्येच ताणून पाहिली. खालची ती उसनी चपळाई थोडी गेली होती, हे मालकाने आधी नोंदवलं. मग पाच हजार ओलांडले आणि तो पुढे काही बोलला नाही, आरपीएमचा काटा लाल पट्ट्याला टेकेपर्यंत.

परत आल्यावर पुलीवरचा पांढरा चरा पेट्रोलने धुतला, दाभणाने कोरून मोकळा केला आणि त्यात घरातलंच पांढरं नेलपेंट भरलं. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी तेलाची पुसटशी ओल आहे, ओ-रिंग कडक झालीय. ती पुढच्या रविवारी मालक स्वतःच बदलणार आहे. काढण्याआधी हेडवर आणि डिस्ट्रिब्युटरवर मिळून एक सरळ रेघ ओढ, एवढं त्याला सांगून ठेवलंय.