तुम्ही विचारलंत म्हणून: नदी नाही, मग सोलापुरात गिरण्या कशा?

सोलापुरात नवा आलेला माणूस हे हमखास विचारतो. सीना गावाबाहेरून जाते, भीमा त्याहून लांब. मग एवढी धुराडी इथे का उभी राहिली?

पहिलं कारण रूळ. 1860 मध्ये रेल्वे इथवर पोचली, त्यामुळे कोळसा आणणं आणि सूत-कापड मुंबईला धाडणं सोपं झालं. 1877 मध्ये मोरारजी गोकुळदासांची गिरणी सुरू झाली, तीच आपली जुनी मिल. तेव्हा दुष्काळ होता, मजूर स्वस्तात मिळत होते. हे सहसा कुणी सांगत नाही.

आता पाणी. वाफेच्या इंजिनाला एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण 7 किलो वाफ लागते. 1000 अश्वशक्तीला 7 टन. पण वापरलेली वाफ निववायला तिच्या 25 ते 30 पट, म्हणजे तासाला 200 टनांच्या आसपास पाणी फिरवावं लागतं. ते संपत नाही. हौदात निवतं आणि पुन्हा येतं. म्हणजे वाहती नदी नसली तरी चालतं, हौद मोठा हवा. उन्हाळ्यात हौद निवला नाही की कंडेन्सरमधला, म्हणजे वाफ निववायच्या भांड्यातला, निर्वात घटतो आणि तेवढ्याच कामाला कोळसा जास्त जळतो. शिवाय आपल्या विहिरींचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं. बॉयलरला आतून खपली धरते, उष्णता पाण्यात उतरत नाही, पत्रा तापून फुगतो. त्यावर उपाय म्हणजे पाण्यात सोडा घालायचा, तळाचा गाळ वेळच्या वेळी सोडायचा आणि बॉयलर थंड करून खपली ठोकून काढायची.

खरी टंचाई हवेतल्या पाण्याची. सुती विणकामाला 75 ते 80 टक्के आर्द्रता लागते आणि आपला एप्रिल तुम्हाला ठाऊक आहे. कोरडं सूत कमजोर होतं, खळ कडक होऊन झडते, ताण्याची तार तुटते. माग थांबवा, टोक शोधा, गाठ मारा, फणीतून ओवा. विणकराची मजुरी कापडावर असल्याने थांबलेला प्रत्येक मिनिट त्याच्या खिशातून जायचा. खात्यात वाफ सोडली की सूत सुधारायचं, पण आतल्या माणसाचा घाम वाळेना.

आणि पाळी केवढी! 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांत दिवसाला 12 तासांची मर्यादा घातली, 1922 मध्ये ती 11 झाली, 1934 मध्ये 10 आणि 1948 मध्ये 9. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर आणि आसपासच्या खेड्यांतली कुटुंबं इथे राबली. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात ठेवलेली माणसंही गिरणीत जायची आणि परतल्यावर हजेरी द्यायची. सेटलमेंट हे वस्तीचं नाव तिथूनच आलं. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला.

1949 मध्ये जुनी मिल बंद पडली. 1950 मध्ये सरकारने वटहुकूम काढून कारभार हाती घेतला, तेव्हा एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला. कायद्याचे विद्यार्थी सोलापूरचं नाव पहिल्यांदा वाचतात ते बहुधा त्या खटल्यात, चादरीवर नव्हे.

चादरीचं सूत मात्र जाड. बारीक सुतासारखं ते उन्हाळ्यात पटापटा तुटत नाही.