बॅच ७ : एक वर्ट, चार बरण्या आणि आईचं नाक

घरी बनवतो त्या बिअरच्या सहाव्या बॅचचं काय झालं असं कुणी विचारायच्या आत सांगतो : बारा बाटल्या मोरीत ओतल्या. पिल्सनरचा, म्हणजे फिकट लॅगर बिअरचा, ग्लास तोंडाला लावावा आणि नाकात ताजं लोणी शिरावं, तसला प्रकार. चूक सगळी माझी. लॅगरिंग, म्हणजे थंडीत मुरवणं, पूर्ण झालं, बिअर काचेसारखी नितळ झाली, आणि मग मला हौस सुटली. २ अंशांवरून बाहेर काढून ड्राय हॉप केलं, म्हणजे हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) न उकळता थेट बिअरमध्ये टाकले. आता हॉप्समध्ये स्वतःचे एन्झाइम असतात. यीस्टला न पचणारी मॉल्टमधली (मोड आणून वाळवलेल्या जवातली) लांबट साखर ते तोडून देतात, यीस्ट पुन्हा जेवायला बसतं आणि लोण्याचा वास आणणारं डायअसिटिल नव्यानं तयार होतं. हाच तो हॉप क्रीप. मी पंगत अर्ध्यावर असताना बुच लावून मोकळा झालो. दोन बाटल्यांचा फेस छताला लागला, तो डाग अजून आहे.

आयपीएत, म्हणजे हॉप्सचा मारा असलेल्या बिअरमध्ये, असलं बरंच काही झाकून जातं. फिकट लॅगर म्हणजे पांढरा सदरा, तांबड्या रश्श्याचा एक थेंब पडला तरी गावाला दिसतो. म्हणून या वेळी बाकी सगळं एकच ठेवलं आणि फक्त हॉप बदलला.

वर्ट, म्हणजे जे आंबून बिअर होतं ते मॉल्टचं गोड पाणी, २० लिटर. पिल्सनर मॉल्ट ४.२ किलो, दुसरं काही नाही. आरओचं पाणी आणि चवीपुरतं कॅल्शियम क्लोराइड. मॅश (मॉल्ट गरम पाण्यात भिजवणं) ६५ अंशांवर, उकळी ९० मिनिटं, कारण पिल्सनर मॉल्ट कमी उकळलं की शिजलेल्या मक्याचा वास राहतो. कडूपणासाठी मॅग्नम हॉप १५ ग्रॅम, बस्स. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत वर्ट किती जड ते; साखर संपेल तसा आकडा उतरतो) १.०४५. थंड करणं हीच आपल्याकडची खरी कुस्ती. नळाचंच पाणी कोमट, त्यामुळे तांब्याच्या कॉइलमधून वर्ट ३२ च्या खाली हलेना. मग बादलीत बर्फाची लादी फोडून टाकली, कूलरचा पंप सोडला आणि तेच पाणी फिरवत राहिलो. कॉइल उद्यमनगरात वाकवून घेतली होती. ‘दारूची भट्टी लावताय काय?’ असं त्या मिस्त्रींनी विचारलं, तेव्हा मी सोलर हीटर म्हणालो होतो.

जुन्या फ्रिजचे कप्पे काढले की पाच-पाच लिटरच्या चार बरण्या बरोब्बर बसतात. डब्ल्यू-३४/७० या लॅगर यीस्टची दोन पाकिटं चौघींत वाटली, तापमानाचा कंट्रोलर १२ अंशांवर.

सातव्या दिवशी ग्रॅव्हिटी १.०१४. यीस्ट अजून जागं होतं, तेवढ्यातच तापमान १५ करून हॉप्स टाकले, प्रत्येक बरणीत १५ ग्रॅम, म्हणजे लिटरला ३. पहिलीत साझ, तुलनेसाठी. चेक प्रजासत्ताकातल्या झाटेत्सचा हा हॉप, १८४२ साली प्लझेनला पहिली पिल्सनर झाली तेव्हापासूनचा मानकरी. दुसरीत न्यूझीलंडचा मोटुएका, त्याच्या वंशात साझच आहे. तिसरी-चौथीत मँडारिना बव्हारिया आणि ह्युल मेलन, दोन्ही २०१२ मध्ये बाजारात आलेले जर्मन वाण, आणि दोघांची आई अमेरिकन कॅस्केड. लॅगरला ड्राय हॉप करणं हे आपलंच डोकं आहे असं वाटायचं, पण इटलीत टिपोपिल्स नावाची बिअर १९९६ पासून तशीच बनते आहे.

मँडारिनाचं पाकीट फोडलं आणि स्वयंपाकघरात संत्र्याची साल दाताखाली चावल्यासारखा वास सुटला. पेलेट (हॉपची दाबलेली गोळी) बोटांत चुरगळल्यावर हाताला जो चिकट हिरवा राप बसतो, तो साबणानं जात नाही. आई म्हणाली, ‘गोठ्यात जाऊन आलायस काय रं?’

अकराव्या दिवशी १.००९. इथंच मागच्या वेळी फसलो होतो, म्हणून परीक्षा घेतली. प्रत्येक बरणीतून दोन पेले. एक तसाच ठेवायचा, दुसरा वर फॉइल लावून ६० अंशांच्या पाण्यात २० मिनिटं, मग गार करून हुंगायचा. डायअसिटिल व्हायचं बाकी असलेला माल उष्णतेनं लगेच उघडा पडतो. मला चारही पेले ठीक वाटले. पण गेली चाळीस वर्षं म्हशीच्या दुधाचं लोणी कढवणारी बाई घरात असताना माझ्या नाकाला विचारतो कोण? आईनं बिअरला कधी तोंड लावलेलं नाही, पेला फक्त हुंगते. साझ आणि मोटुएका बाजूला सारले. मँडारिनावर थांबली. ‘ह्यात लोणी हाय.’ मेलनवर, ‘ह्यात बी, जरा कमी.’

मग सगळंच आणखी चार दिवस १५ वर ठेवलं. पंधराव्या दिवशी पुन्हा तीच परीक्षा, आणि आईनं चौघींना सोडलं. ग्रॅव्हिटी १.००८ वर थांबली. मग २ अंश, चार आठवडे. मध्ये एकदा पाच तास लाईट गेली, पण फ्रिज उघडायचा मोह आवरला आणि काटा एकच अंश वर सरकला.

काल बाटल्या फोडल्या. सोबत तालमीतला एक दोस्त आणि भडंग. मोटुएका पहिल्याच घोटाला जिंकला. लिंबाची साल, मागे साझचा तो गवती-मसालेदार धागा, आणि शेवट कोरडा. ‘भावा, ह्यात लिंबू पिळलंयस,’ असं दोस्त म्हणत राहिला, मी नाही म्हणत राहिलो. मँडारिना वासाला नाद खुळा, पण जिभेच्या मागे सालीचा पांढरा कडवटपणा उरतो. लिटरला ३ ग्रॅम तिला जास्तच झाले. मेलन मला पटला नाही : स्ट्रॉबेरीच्या गोळीचा वास आणि खाली पाणचट. साझबद्दल काय लिहू, बाटली आधी तीच संपली.

बॅच ८ : मोटुएका आणि साझ निम्मे-निम्मे, मँडारिना एकटी पण लिटरला १.५ ग्रॅम. हॉप्स १.०१५ लाच टाकणार. मँडारिना ८० ग्रॅम शिल्लक आहे, फ्रीजरमध्ये, मटाराच्या पिशवीखाली.